अक्कांनी लावलेला फिल्टर

नाशिकला थंडी पडली हे मला वर्तमानपत्र सांगत नाही, माझं नाक सांगतं. निफाडचा पारा किती खाली गेला ही बातमी यायच्या आधीच, पहाटे अर्धवट जागी असताना मला कॉफीचा वास येतो. घरात कोणी कॉफी करत नसतं. नवरा पक्का चहावाला, आणि उजाडल्याशिवाय पांघरुणातून पाय बाहेर काढणाऱ्यातलाही नाही. मी उठून ओट्यापाशी जाते, शेगडीवर हात धरून बघते. शेगडी गार असते. वास मात्र तिथेच असतो, चिकोरीचा, किंचित जळका. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण त्या वेळी मी मागे वळून बघत नाही, हेही खरं आहे.

खरं तर कॉफीशी आमच्या घराण्याचा काही संबंध नव्हता. येवल्याला माझ्या आजोळी कॉफी व्हायची ती पाहुण्यांसाठी नाहीतर आजाऱ्यासाठी. दूध, साखर, कॉफी सगळं एकत्र उकळायचं, वर जायफळ किसायचं आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं. ते फडकं कायमचं तपकिरी होऊन गेलं होतं. धुऊन दोरीवर टाकलं की त्याच्यावरचा डाग मला दर वेळी वेगळ्याच चेहऱ्याचा वाटायचा, म्हणून मी त्या दोरीखालून जायची नाही. आमच्या घराण्याचं पहिलं कॉफीयंत्र म्हणजे ते फडकं.

दुसरं यंत्र लग्नाच्या हॉलमधलं. नव्वदच्या दशकात नाशिक रोडला लग्नात एस्प्रेसोचा काउंटर असणं म्हणजे मुलीकडच्यांनी हात सैल सोडला असं समजायचे. चकचकीत टाकी, तिला एक बारीक नळी. आचारी स्टीलच्या मगात नळी बुडवायचा आणि अशी किंचाळी उठायची की मंगलाष्टकं म्हणणारे भटजीसुद्धा क्षणभर थांबायचे. वर चॉकलेटची पूड भुरभुरवून मिळायची. त्या पेयाला कॉफीची चव जवळजवळ नसायची. फेस आणि आवाज, बास. आम्ही पोरं तरीही रांगेत पुन्हा पुन्हा उभी राहायचो.

पद्माक्कांच्या फिल्टरला आवाजच नव्हता. म्हणजे होता, पण तो ऐकायला पहाट लागायची.

आम्ही तेव्हा नाशिक रोडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. एका जिन्यावर समोरासमोर दोन दारं. एक आमचं, दुसरं राव काकांचं. बाबा आणि काका एकाच ऑफिसात. काका मूळचे कर्नाटकातले, हासनकडचे. पद्माक्का त्यांची बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी बारावीला होते, आणि आमच्या दोन खोल्यांत पहाटे दिवा लावला की सगळं घर उठून बसायचं, म्हणून मी अभ्यासाला अक्कांच्या स्वयंपाकघरात जायची. दोन्ही घरांच्या किल्ल्या एकमेकांच्या खुंटीवर असायच्या. कॉलनीत बहुतेकांची तशीच रीत होती.

अक्कांचा फिल्टर म्हणजे दुमजली पितळी डबा. वरच्या मजल्याच्या तळाला बारीक भोकं. त्यात स्टेशनजवळच्या दुकानातून दळून आणलेली कॉफीची पावडर घालायची, तिच्यावर दांड्याची एक भोकाभोकांची चकती ठेवायची. तिला त्या छत्री म्हणायच्या. मग कढत पाणी ओतून झाकण. आपण दही विरजतो तसा त्या जेवणं आटोपल्यावर फिल्टर लावायच्या आणि निवांत झोपायच्या. पहाटेपर्यंत खालच्या डब्यात काळाभोर अर्क उतरलेला असायचा. "बघ पुट्टी, आपण झोपतो आणि हा काम करतो," त्या मला म्हणायच्या. पुट्टी म्हणजे त्यांच्याकडे लहान मुलगी.

मी जाऊन बसे तेव्हा शेवटचे थेंब पडत असायचे. स्टेशनवरची घोषणा थंडीत अगदी दारात दिल्यासारखी ऐकू यायची, ती संपली की काहीच नाही. मग टप. मग इतका वेळ शांत की आता झालं असं वाटावं. आणि पुन्हा टप. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या समीकरणांपेक्षा माझं लक्ष त्या पुढच्या थेंबाकडेच जास्त असायचं. त्या डब्यात कोणीतरी श्वास धरून बसलंय असं मला उगाच वाटायचं.

पुढे मी या यंत्रांबद्दल बरंच वाचलं, कारण एकदा एखादी गोष्ट डोक्यात बसली की मी तिचा पिच्छा सोडत नाही. फ्रेंच लोकांकडेही म्हणे असंच दुमजली भांडं होतं. कुठल्याशा जर्मन गृहिणीने मुलाच्या शाळेच्या वहीतला टीपकागद काढून त्यातून कॉफी गाळली आणि कागदाच्या फिल्टरचा जन्म झाला. इटलीवाल्यांना वाट बघायचा कंटाळा, म्हणून त्यांनी वाफ आणि दाब आणला. आमच्या ऑफिसातल्या यंत्राला तर तेवढाही धीर नाही. बटण दाबलं की ते आत कुठेतरी कण्हतं, लाल दिवा लागतो आणि कागदी कप भरतो. सगळ्यांचं काम एकच, पावडरीतून पाणी न्यायचं. फरक एवढाच की बाकीच्या यंत्रांपाशी माणूस उभा असतो. अक्कांच्या फिल्टरपाशी कोणीच नसायचं. तो लावून माणूस निघून जायचा आणि कॉफी नंतर व्हायची.

त्या जानेवारीत थंडी फार होती. बादलीतल्या पाण्यात हात घालवत नव्हता. एका पहाटे मी पुस्तकं घेऊन समोरच्या दाराशी गेले, तर कडी वाजवायच्या आधीच दार उघडलं. राव काका बंडीवरच उभे होते.

"पुट्टी, आईला बोलव. अक्का उठत नाही," ते म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा होता. दूध नाही आलं हे सांगावं तसा.

आई धावली. बाबा डॉक्टरांना आणायला गेले, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. झोपेतच सगळं संपलं होतं. जिन्यावरच्या बायका जमल्या. मला कोणीतरी पाणी आणायला आत पाठवलं. स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर फिल्टर होता, आदल्या दिवशी अक्कांनी लावलेला. मी तांब्या उचलला आणि तेवढ्यात टप असा आवाज झाला. आतल्या खोलीत त्या बाईचे हात गार पडले होते आणि तिचं काम इथे अजून चालू होतं. मी तांब्या तिथेच टाकून बाहेर पळाले.

दुपारी सगळं आटोपून काका परत आले. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचेच खायला नेतात. आईने पिठलं-भात केला होता. तर काकाच आमच्या दारात उभे. हातात फिल्टरचा खालचा डबा.

"वहिनी, जरा दूध तापवून द्याल? कॉफी तयार आहे. तिने करून ठेवली आहे."

आईने दूध तापवलं. काका आमच्या ओट्याला टेकून ती कॉफी प्यायले. घाई नाही, रडणं नाही. जिन्यावर गप्पा थांबल्या होत्या. कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "गेलेल्या बाईच्या हातचं पेतोय. लय वंगाळ असतं ते." काकांनी ते ऐकलं असावं. त्यांनी पेला विसळला, डबा उचलला आणि समोर निघून गेले.

पुढे दिवस झाले, नातेवाईक येऊन गेले, काका कामावर जायला लागले. आईच्या हळूहळू लक्षात आलं की त्यांनी तो फिल्टर रिकामाच केलेला नाही. आत पावडर तीच होती, अक्कांनी घातलेली, त्यांनीच छत्री ठेवलेली. काका रोज संध्याकाळी वरून कढत पाणी ओतायचे आणि पहाटे जे उतरेल ते प्यायचे. आधी ते कॉफीसारखं होतं. मग चहासारखं झालं. मग नुसतं पिवळट. एकदा त्यांनी मला पेल्यात दाखवलं, पेल्याचा तळ दिसत होता.

"काका, नवीन पावडर घाला ना," मी म्हणाले.

"नको. यातून उतरतंय तोवर ती स्वयंपाकघरात आहे," ते म्हणाले. "ज्या दिवशी नुसतं पाणी येईल, त्या दिवशी गेली असं धरायचं. मग बघू."

ते 'मग बघू' मी घरी येऊन सांगितलं आणि आईचा चेहरा उतरला. काका वाळत चालले होते. आम्ही पाठवलेला डबा तसाच परत यायचा. दाढी वाढली होती. पेल्यातला रंग आणि माणूस दोघंही एकाच चालीने फिके पडत होते, आणि ते पाणी एकदा पांढरं झालं की हा माणूस काय करेल याची आईला धास्ती बसली. बाबांना ती म्हणाली, "मला त्यांचं ते 'मग बघू' काही बरं वाटत नाही. रेल्वेचे रूळ इथून किती लांब आहेत?"

एका दुपारी डबा ठेवायला गेली तेव्हा तिने फिल्टरचं झाकण उघडलं. पावडरीवर पांढरी बुरशी आली होती. आईने मला हाक मारली, स्टेशनजवळच्या दुकानातून पुडा आणवला आणि आम्ही दोघी खुंटीवरची किल्ली घेऊन त्या रिकाम्या घरात शिरलो. तिने जुनी पावडर काढून फिल्टर घासला. नवी घातली. तिच्यावर जुन्या पावडरीचा थर पसरला, बुरशीचा भाग तेवढा टाकून, म्हणजे कळू नये. वर जुन्या पावडरीचा थर पसरला, बुरशीचा भाग तेवढा टाकून, म्हणजे कळू नये. आम्ही दोघीही कुजबुजत बोलत होतो. रिकाम्या घरात कोणाला फसवायचं होतं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कडी वाजली. काका पेला घेऊन उभे. पेल्यात काळी कॉफी.

"वहिनी," ते म्हणाले, "ती आली होती."

माझ्या पाठीतून थंडी गेली. काय झालंय ते मला माहीत होतं, पुडा मीच आणला होता, तरी गेली. आईने खरं सांगायला तोंड उघडलं. मी ते पाहिलं. पण काका पुढे म्हणाले, "आज भाजी काय आहे? भूक लागली आहे." आणि आईने तोंड मिटलं.

झालं, आई अडकली. दर दोन-तीन दिवसांनी काका कामावर गेले की ती समोर जायची आणि पावडर बदलायची. काका जेवायला लागले, दाढी करायला लागले. ओट्यावर दोन पेले मांडायला लागले. आईला वाटलं होतं, चार दिवस माणसाला आधार मिळेल, मग हळूच सांगू. पण सांगायचं कसं? मेलेली बाई रोज येते असं मानणाऱ्याला, ती मीच होते म्हणून? आई चपला आमच्या दाराशी काढायची आणि पावलांचा आवाज न करता जायची. आत शिरताना "येऊ का अक्का?" असं म्हणायची. सुरुवातीला मी हसायची. नंतर हसू येईना. एकदा परत आल्यावर ती हात पुसत बसली आणि म्हणाली, "तिथं गेलं की माझे हात मला माझे वाटत नाहीत गं."

आता अलीकडे कॉलेज रोडवर कॉफीचं नवीन दुकान निघालं तेव्हा मी तिथे गेले होते. तिथला मुलगा एका दांड्याच्या वाटीत कॉफी भरून, तिच्यावर धातूचा ठोकळा ठेवून, अंगातला सगळा जोर काढून दाबत होता. दाबली नाही तर पाणी सुसाट निघून जातं आणि कॉफी पांचट होते, असं त्याने मला समजावलं. आईला ती नोकरी लगेच मिळाली असती. मी कप तसाच ठेवून उठले. आजूबाजूला पोरंपोरी खिदळत होती, यंत्र फुसफुसत होतं, आणि मला भर दुपारी त्या क्वार्टरमधला ओटा आठवला.

फेब्रुवारीत येवल्याहून निरोप आला, आजोबा पडले, पायाचं हाड मोडलं. आईला लगेच निघावं लागलं. जाताना तिने किल्लीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"मी एकटी तिथे जाणार नाही," मी म्हणाले.

"नको जाऊस," ती म्हणाली. "होईल ते होईल."

ती बरेच दिवस राहिली. किल्ली खुंटीवरच होती. रोज पहाटे समोरचं दार उघडल्याचा आवाज यायचा आणि मी रजई डोक्यावरून घ्यायची. आता पाणी पिवळं झालं असेल, आता पांढरं. पण काका नेहमीच्या वेळेला कामावर जायचे. मी खिडकीतून त्यांना जाताना बघायची आणि संध्याकाळी येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

आई आली ती एसटी स्टँडवरून थेट समोरच गेली, पिशवी हातात तशीच. मी मागे. काकांनी दार उघडलं. ते आजारी दिसत नव्हते. त्यांनी तिला स्वयंपाकघरात नेलं, दूध तापवलं, खालच्या डब्यातला अर्क ओतला आणि पेला तिच्यापुढे केला. अर्क काळाभोर होता.

आईने एक घोट घेतला आणि ती थांबली. अक्कांची कॉफी ती अनेक वर्षं प्यायली होती. कडू नाही, आधी काही कळत नाही, आणि घोट गिळल्यावर मग सगळं तोंडभर होतं. ही अगदी तशीच होती. अक्का छत्री दाबायच्याच नाहीत, नुसती टेकवायच्या.

"ही कोणी केली?" आईने विचारलं.

"तुमचा हात जड आहे, वहिनी," काका म्हणाले. "पहिल्या दिवशीच कळलं होतं मला."

आईने पेला ओट्यावर ठेवला. "मग ती आली होती, असं का म्हणालात?"

"खरं बोललो असतो तर तुम्ही यायचं थांबवलं असतं. मी घरी यायचो तेव्हा कोणीतरी येऊन गेलेलं असायचं. तेवढं पुरत होतं मला."

"आणि ही?"

"ही मी केली नाही. मला येत नाही, तुम्हाला माहीत आहे. चार दिवस झाले, अशीच उतरते आहे."

"भीती नाही वाटत?"

"वाटते," काका म्हणाले. "पण परत जा असं तिला कसं सांगू?"

घरी आल्यावर बाबांनी निकाल देऊन टाकला. काकांनीच पावडर घातली असणार आणि विसरले असणार, दुःखात माणसाला भान राहत नाही. इतकी वर्षं बायकोचा हात बघितला, तो त्यांच्या हातात उतरला असेल. मलाही ते पटलं. आजही दिवसाउजेडी पटतं. आई मात्र पदर खोचून उठली.

संध्याकाळी दिवेलागणीला ती समोर गेली. आत गेली नाही, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहिली. मी तिच्या मागे, तिचा पदर धरून.

"भावोजी, आज फिल्टर तुम्ही लावायचा," ती म्हणाली. "मी इथून सांगते. तो रिकामा करा आधी. सगळा."

काकांनी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं ते नाही म्हणतील. मग त्यांनी डबा उलटा केला, ती पावडर काढली आणि नळाखाली धरला. ते खूप वेळ धूत होते. आई सांगत गेली आणि ते करत गेले. दोन चमचे. अजून अर्धा. हलवून सारखी करा. आता छत्री ठेवा. नाही, जोर नको. छत्रीचा दांडा डब्याच्या काठावर वाजत होता. मग छत्री पावडरीवर टेकली.

"बास," आई म्हणाली.

"हो," काका म्हणाले. "तीपण बासच म्हणाली. आत्ता."

ते आमच्याकडे बघत नव्हते. त्यांच्या डाव्या हाताला ओट्याची रिकामी जागा होती, ते तिकडे बघत होते. मी आईचा पदर सोडून तिचा हातच धरला. तो घामाने ओला झाला होता. तिला माझ्याइतकीच भीती वाटत होती, हे मला तेव्हा कळलं. तरी ती उंबरा ओलांडून आत गेली आणि त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून उभी राहिली.

"अक्का," ती म्हणाली, "येईल त्यांना. मी आहे इथं समोरच. तुम्ही जा आता."

मग काकांनी कढत पाणी ओतलं, झाकण लावलं, आणि ओट्याला धरून खाली बसले. अक्का गेल्यापासून ते तेव्हा पहिल्यांदा रडले.